दम लागलेला पेशंट: कॅज्युअल्टीपासून मशीन सुटेपर्यंत

हल्ली दम लागलेला पेशंट कॅज्युअल्टीत पोचायच्या आधी त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, पोचतं. "घरी ९३ होतं डॉक्टर, ऑक्सिजन लावल्यावर ९७ झालंय," असं नातेवाईक दारातच सांगतात. कोविडच्या लाटांनंतर बोटाला लावायचं ते छोटं यंत्र घरोघरी गेलं, ते चांगलंच झालं. पण त्या आकड्यावर निर्धास्त होऊन बसण्याची सवयही त्याच्यासोबत आली, आणि ती घरच्यांइतकीच आमच्या लोकांतही आहे. श्वसन एकदम निकामी होतं तेव्हा दोन गोष्टी बिघडू शकतात: ऑक्सिजन आत जाणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणं. बोटावरचं यंत्र फक्त पहिली दाखवतं. दुसरी बघायला पेशंटकडे बघावं लागतं.

म्हणून आम्ही आधी पेशंटच्या पोटावर हात ठेवतो आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा शॉर्टकट इथे फसवतो, कारण दम लागलेल्या माणसाचा श्वास एका लयीत चालत नाही. केसपेपरवर सरसकट लिहिलेला २० हा आकडा तर बहुतेक वेळा कोणी मोजलेलाच नसतो. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. २५च्या वर गेला की पेशंट नजरेसमोरच्या बेडवर घ्यायचा. ३०च्या वर गेला की आयसीयूला फोन करायचा, मग सॅच्युरेशन काहीही असो. आणि ३८ वरून अचानक १४वर आला, सोबत पेशंट झोपाळू झाला, तर ती सुधारणा नव्हे. तो थकला आहे आणि आपल्या हातात आता थोडीच मिनिटं आहेत.

मोजता मोजता बाकीचं दिसतंच. नाकपुड्या फुलतात, मानेचे स्नायू दोरीसारखे ताणले जातात, बरगड्यांमधली आणि गळ्याखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते. पेशंट आडवा व्हायला तयार नसतो, गुडघ्यांवर किंवा बेडच्या कडेवर हात टेकून पुढे वाकून बसतो. त्याला बळेच झोपवू नये. बोलायला लावलं की पूर्ण वाक्य येतं, की दोन-दोन शब्द, की नुसती मान हलते, यावरून तीव्रता कळते. श्वास आत घेताना पोट बाहेर यायला हवं. ते आत जात असेल तर श्वासपटल दमलं आहे. ओठ-जीभ निळी पडणं हे उशिराचं लक्षण, आणि ॲनिमिया असलेल्या बाईत ते दिसतच नाही: निळसर रंग यायला १०० मिली रक्तात साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं, आणि जिचं हिमोग्लोबिनच ६ आहे तिच्यात तेवढी वेळ येण्याआधीच सगळं संपलेलं असतं.

ऑक्सिजन कमी पडलेला माणूस बेचैन होतो, मास्क ओढून फेकतो, सलाईन काढतो, घरच्यांना शिव्या देतो. अशा पेशंटला "खूप त्रास देतोय" म्हणून झोपेचं इंजेक्शन देणं हा सर्वात महाग पडणारा उपाय. कार्बन डायऑक्साइड साचलेला माणूस उलट शांत होत जातो. सकाळी डोकं दुखतं, डोळे लाल, हात गरम, नाडी भरदार. हात पुढे करून मनगट वर उचलायला सांगितलं तर पंजा मधूनच खाली पडतो. मग गुंगी. घरचे म्हणतात, "रात्रभर तळमळत होते, आता जरा डोळा लागलाय." हे वाक्य ऐकलं की आम्ही चालतो ते पळायला लागतो.

बोटावरचं यंत्र कुठे खोटं बोलतं तेही माहीत असावं. गार पडलेली बोटं, खाली गेलेलं प्रेशर, हुडहुडी, नेलपॉलिश, काळसर त्वचा (यात आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो). यंत्रावरचे नाडीचे ठोके मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसतील तर सॅच्युरेशनही सोडून द्यावं. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे किंवा खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीमुळे बेशुद्ध झालेल्या माणसात ते ९९ दाखवेल, कारण कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यांतला फरक त्याला कळत नाही.

आता त्या ९७च्या आकड्याचं गणित मांडतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. मुंबईसारख्या समुद्रसपाटीच्या ठिकाणी हवेचा दाब ७६० (हे सगळे दाब मिलिमीटर पाऱ्यात). त्यातून बाष्पाचे ४७ वजा केले की ७१३. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे १५०. त्यातून रक्तातला कार्बन डायऑक्साइड भागिले ०.८ वजा करायचा. तो नेहमीप्रमाणे ४० असेल तर १५० वजा ५०, फुप्फुसाच्या वायुकोशात ऑक्सिजनचा दाब १००. सगळं छान. आता विषारी औषधाने किंवा थकव्याने श्वास उथळ झाला आणि कार्बन डायऑक्साइड ८०वर गेला. १५० वजा १००, उरले ५०. सॅच्युरेशन ८५च्या खाली, यंत्र ओरडतं, सगळे धावतात. पण याच पेशंटला कोणी नाकात नळी लावून २ लिटर ऑक्सिजन चालू केला, म्हणजे साधारण २८ टक्के. ७१३चे २८ टक्के २००. त्यातून १०० गेले तरी १०० उरले. सॅच्युरेशन ९५-९६. कार्बन डायऑक्साइड तसाच ८०, पीएच घसरलेला (म्हणजे रक्तातलं आम्ल वाढलेलं), पेशंट गुंगीत, आणि मॉनिटर हिरवा. दोन लिटर ऑक्सिजनने पेशंट वाचला नाही, फक्त धोक्याची घंटा बंद झाली.

हे कळायला धमनीतलं रक्त लागतं. त्यातले वायू मोजणारी ही तपासणी म्हणजे एबीजी. मनगटातल्या रेडियल धमनीतून, हेपॅरिनने ओलसर केलेल्या सिरिंजमध्ये एक-दोन मिली. सुई टोचण्याआधी दोन्ही धमन्या दाबून, मग करंगळीच्या बाजूची सोडून हाताला पुन्हा लाली येते का ते बघायचं. हेपॅरिन जास्त राहिलं की कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल सावरणारा क्षार) खोटे कमी येतात. हवेचा बुडबुडा राहिला की ऑक्सिजनचा आकडा बिघडतो. सिरिंज अर्धा तास टेबलावर पडून राहिली तर रक्तपेशी त्यातलाच ऑक्सिजन वापरतात, म्हणून वॉर्डातल्या मामांच्या हातात देऊन लगेच पाठवायची. टोचलेली जागा ५ मिनिटं दाबून धरायची, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याहून जास्त. आणि रक्त घेताना पेशंटला किती ऑक्सिजन चालू होता हे रिपोर्टवर लिहायचं. त्याशिवाय तो रिपोर्ट वाचताच येत नाही, तरी निम्म्या रिपोर्टांवर ते नसतं.

साध्या हवेत धमनीतला ऑक्सिजन ६०च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड नॉर्मल किंवा कमी, हा पहिला प्रकार. कार्बन डायऑक्साइड ४५च्या वर आणि पीएच ७.३५च्या खाली, हा दुसरा. ६०ची रेष उगाच नाही: तिथे सॅच्युरेशन ९० असतं, आणि त्याखाली ते उतारावरून घसरावं तसं जातं. ९७ वरून ९२ व्हायला तास लागले असतील. ९० वरून ७० व्हायला काही मिनिटं पुरतात. रिपोर्टमधलं बायकार्बोनेटही बघायचं. ते ३४-३६ असेल तर पेशंटचा कार्बन डायऑक्साइड महिनोन् महिने वाढलेला आहे आणि मूत्रपिंडाने तो सावरून घेतला आहे. आजचं संकट त्यावर चढलेलं आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा हेच वाढलेलं बायकार्बोनेट डॉक्टरांना वेगळ्याच दिशेला नेत होतं. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखलं की हा साचलेला कार्बन डायऑक्साइड आहे, पेशंटला हवा पोचत नाहीये. त्यांच्या सांगण्यावरून घशाला छेद देऊन नळी घातली गेली आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत राहिले. आजच्या आयसीयूचा उगम तिथला मानतात.

प्रकार कळला की कारण शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा हकिगतीतच असतं.

पहिल्या प्रकारात भाता चालतो, पण वायुकोश भरलेले असतात: न्यूमोनियाच्या पूने, हृदय कमी पडल्याने साचलेल्या पाण्याने, किंवा सूज येऊन झिरपलेल्या द्रवाने. पावसाळ्यात मुंबई-कोकणात चिखलात उतरलेला माणूस ताप, पोटऱ्यांत दुखणं, लाल डोळे घेऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी थुंकीत रक्त पडतं, तेव्हा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आधी डोक्यात यायला हवा. त्यात फुप्फुसात रक्तस्राव होतो आणि काही तासांत एक्स-रे पांढरा होतो. कोकणात लाल विंचू चावल्यावर घाम, थंडगार हातपाय, मग फेसाळ गुलाबी थुंकी, हे विंचवाच्या विषाने हृदयावर आणलेलं संकट, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन ही साधी गोळी यात कशी चालते ते दाखवून दिलं आणि चित्रच पालटलं. अंथरुणाला खिळलेल्या किंवा पायाचं हाड मोडलेल्या माणसाला एकाएकी दम लागला, एक्स-रे मात्र स्वच्छ, तर पायातली गुठळी फुप्फुसात गेली असं धरून चालायचं.

दुसऱ्या प्रकारात भाताच चालत नाही. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या, कधी बिडीला हात न लावलेल्या आजी सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) घेऊन येतात, आणि त्यांच्या कागदांवर वर्षानुवर्षं नुसतं 'दमा' लिहिलेलं असतं. फवारणीचं औषध पोटात गेलेला किंवा अंगावर आलेला शेतकरी येतो: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधांनी हा विषय वर्तमानपत्रांत आणला, पण सरकारी दवाखान्यांना तो आधीपासून पाठ आहे. फवारणीच्या या ऑर्गॅनोफॉस्फरस विषात ॲट्रोपिन दर ५ मिनिटांनी दुप्पट करत द्यायचं, छाती कोरडी होईपर्यंत. बाहुल्या मोठ्या झाल्या की थांबायचं, हा समज चुकीचा. लक्ष फुप्फुसातल्या पाण्यावर, नाडीवर आणि प्रेशरवर. यात फसवणारा काळ पुढचा. पेशंट सुधारतो, बोलतो, घरचे डबा आणतात, आणि २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मानेचे स्नायू लुळे पडून श्वास बंद होतो. म्हणून पहिले चार दिवस दर काही तासांनी एकच साधी परीक्षा: उशीवरून डोकं उचला. उचलता आलं नाही तर श्वासनलिकेत नळी टाकून मशीन लावायची तयारी.

मण्यार चावल्याची गोष्ट आणखी चकवते. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, सूज नाही, दुखणं नाही, चाव्याची खूणही धड सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो. पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवलेले असे पेशंट परत येतात ते श्वास थांबून. पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या की जमिनीवर झोपला होतात का, हे विचारायचंच. सर्पविषावरच्या लसीच्या १० व्हायल सुरुवातीला जातात, पण मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांना आतून इजा करतं. लस तिथली इजा मागे फिरवू शकत नाही. टोकं पुन्हा तयार होईपर्यंत, काही दिवस, मशीनने श्वास द्यायचा. एवढं केलं की हे पेशंट चालत घरी जातात. मध्यंतरी मात्र ते मेल्यासारखे दिसतात: हालचाल शून्य, बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या. मेंदू शाबूत असतो आणि ऐकू येत असतं. त्याच्या उशाशी उभं राहून "आता काही अर्थ नाही" म्हणू नये. झोपेचं औषध चालू ठेवावं आणि काय करतोय ते सांगत राहावं.

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गिया बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. जुलाबांनंतर पायापासून वर चढत जाणारी कमजोरी. अशा पेशंटचं सॅच्युरेशन अगदी शेवटपर्यंत ९८ राहतं, कारण फुप्फुसं निरोगी असतात. म्हणून आम्ही सांगतो, "काका, खोल श्वास घ्या आणि एका दमात एकापासून जितकं मोजता येईल तितकं मोजा." निरोगी माणूस ४०-५०पर्यंत सहज जातो. २०च्या खाली आला की आयसीयू. १०-१२वर अडकला तर नळीची तयारी, आकडे सुंदर असले तरीही. दर चार तासांनी हा आकडा चार्टवर लिहायचा. सकाळी ३२, दुपारी २४, संध्याकाळी १८, हा उतार कुठल्याही एका आकड्यापेक्षा बोलका.

दम्याच्या झटक्यात एक उलटी गोष्ट लक्षात ठेवायची. जोरजोरात श्वास घेणाऱ्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. तो ४० आला तर 'नॉर्मल' म्हणून सही करू नये. तो दमत चालला आहे. छातीतली शिट्टी बंद झाली आणि स्टेथोस्कोपला काहीच ऐकू येईना, तर हवाच आत-बाहेर होत नाहीये.

ऑक्सिजन किती आणि कशातून, यात हात सैल सोडून चालत नाही. नाकातली नळी १ ते ६ लिटर. साधा मास्क किमान ५ लिटरवर, कारण त्याखाली पेशंट स्वतःचाच उच्छ्वास परत ओढतो. पिशवीचा मास्क १० ते १५ लिटरवर, आणि लावण्याआधी पिशवी अंगठ्याने झडप दाबून फुगवून घ्यायची. श्वासाला पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर लिटर वाढवायचे. बाकी सगळ्यांत सॅच्युरेशन ९४ ते ९८ ठेवायचं, सीओपीडीच्या जुन्या पेशंटमध्ये ८८ ते ९२. तिथे सर्वात चांगला ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा व्हेंच्युरी मास्क, २४ किंवा २८ टक्क्यांचा रंगीत अडॅप्टर लावून. याच पेशंटला नेब्युलायझर ऑक्सिजनवर न चालवता हवेच्या मशीनवर चालवायचा आणि नाकातली नळी खाली चालू ठेवायची. पण सीओपीडी आहे म्हणून ७५ सॅच्युरेशनला ऑक्सिजन रोखून धरणं हा तितकाच मोठा गुन्हा. ऑक्सिजनअभावी माणूस मिनिटांत जातो, कार्बन डायऑक्साइडने तासांत.

छोट्या गावात सिलिंडरचा हिशेब आधी करावा लागतो. जंबो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर; १० लिटरने पावणेबारा तासांना थोडे कमी. रुग्णवाहिकेतला लहान बी टाइप १५०० लिटर. १० लिटरने अडीच तास. रस्ता दोन तासांचा असेल तर एक लहान सिलिंडर पुरेल असं समजू नये, घाटात ट्रक आडवा होतोच. गरज धरून दुप्पट घ्यावा. हाय फ्लो मशीनवर (नाकातून मोठ्या वेगाने ऑक्सिजन देणाऱ्या) ६० लिटरने शुद्ध ऑक्सिजन द्यायला गेलं तर जंबो दोन तासही टिकत नाही. जिथे पाइपलाइन नाही तिथे ते मशीन शोभेचं.

दुसऱ्या प्रकारात पीएच ७.३५च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर असेल तर बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दोन दाबांनी हवा देणारं मशीन. सुरुवात वरचा दाब १०, खालचा ४ ते ५. मग वरचा दर काही मिनिटांनी २ने वाढवत १५ ते २०पर्यंत. मास्क पट्ट्यांनी बांधण्याआधी पाच मिनिटं हाताने तोंडावर धरावा, पेशंटची भीती निम्म्याने जाते. पट्ट्या इतक्याच घट्ट, की खाली दोन बोटं जातील. दात काढून ठेवलेल्या आजींच्या गालातून हवा गळते. कवळी घालूनच मास्क लावावा. आणि हे तपासल्याशिवाय बेडपासून हलू नये: एकच नळी असलेल्या मशीनला उच्छ्वास बाहेर जायला छिद्र कुठे आहे? बिनछिद्री मास्क आणि बिनछिद्री नळी अशी जोडी जमली तर पेशंट आपलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा घेतो, मशीन चालू असतं, सॅच्युरेशन छान असतं आणि पेशंट गुंगत जातो. खालचा दाब ४च्या खाली न्यायचा नाही तो याचसाठी. एक ते दोन तासांनी पुन्हा एबीजी. पीएच वर आणि श्वासाची गती खाली आली असेल तर पुढे चालू. नसेल तर मास्कशी झटत पहाट करू नये. उलट्या होणारा, बेशुद्ध, थुंकी गिळू न शकणारा पेशंट बायपॅपवर ठेवायचाच नाही; दाबाची हवा ओकारी थेट फुप्फुसात ढकलते.

नळी टाकायची वेळ ठरवणं हे नळी टाकण्यापेक्षा अवघड. नातेवाईक विचारतात, "मशीन लावलं म्हणजे आता काही उरलं नाही ना डॉक्टर?" या समजुतीमुळे संमती मिळायला उशीर होतो. आम्ही सांगतो की मशीन आजार बरा करत नाही. औषधाला काम करायला वेळ मिळावा म्हणून श्वासाचं ओझं उचलतं. मण्यारीच्या पेशंटबाबत हे छातीठोकपणे सांगता येतं. शेवटच्या टप्प्यातल्या सीओपीडीबाबत तितक्या खात्रीने सांगू नये. तिथे मशीन सुटणार नाही ही शक्यता आधीच स्पष्ट बोलावी.

तयारी अशी: सक्शन चालू करून कानाने ऐकायचं, लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटवून बघायचा, बाईला ७ ते ७.५ आणि पुरुषाला ८ नंबरची नळी, शिवाय एक नंबर लहान हाताशी. तीन मिनिटं पूर्ण ऑक्सिजन, डोक्याची बाजू उंच. प्रेशर कमी असेल तर सलाईन आणि प्रेशरचं औषध नळीच्या आधी, नंतर नाही. बेशुद्धीसाठी केटामिन किलोला १ ते २ मिलिग्रॅम, स्नायू सैल करायला रॉक्युरोनियम किलोला १.२ मिलिग्रॅम. फवारणीच्या विषाच्या पेशंटला स्नायू सैल करणारं दुसरं औषध, सक्सामेथोनियम, नको. ते विरघळवणारं एन्झाइमच विषाने बंद पाडलेलं असतं, मग काही मिनिटांचा लुळेपणा तासांवर जातो. नळी बाईत २१, पुरुषात २३ सेंटिमीटरवर बांधायची, फुग्यातला दाब २० ते ३० ठेवायचा. नळी श्वासनलिकेत आहे हे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या आलेखावरून ठरवायचं. बाष्प दिसणं आणि छातीवर ऐकणं, दोन्ही फसवतात.

मशीनवर एका श्वासाची हवा पेशंटच्या वजनावर ठरवत नाहीत, उंचीवर ठरवतात. पाच फूट उंचीच्या बाईचं हिशेबाचं वजन ४५.५ किलो. किलोला ६ मिली धरून २७३ मिली. ती ७० किलोची आहे म्हणून ४२० मिली दिले तर फुप्फुसं ताणून फाटतात. जाडीने फुप्फुसं मोठी होत नाहीत. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १२ऐवजी ६ मिलीने मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. यात औषध कुठलंच नव्हतं, फक्त मशीनचं बटण. तरीही सरसकट ५०० मिली लावलेली मशीन आजही दिसतात, त्यामुळे टेप घेऊन पेशंटची उंची मोजणं हे आमच्याकडे सिस्टरांचं पहिलं काम. फुप्फुसांच्या गंभीर सुजेत पेशंटला रोज १६ तास पालथं झोपवायचं; पाच माणसं लागतात, एक फक्त नळी धरायला.

सीओपीडी आणि दम्यात गडबड वेगळीच होते. नळी टाकल्या टाकल्या घाबरून कोणीतरी भराभर पिशवी दाबतं, आधीची हवा बाहेर यायच्या आत पुढची जाते, छाती फुगत जाते आणि प्रेशर नाहीसं होतं. उपाय सोपा: नळी पिशवीपासून सोडवायची, छाती हलकेच दाबायची, हवा निघू द्यायची. प्रेशर परत येतं. नंतर गती १०-१२, उच्छ्वासाला भरपूर वेळ. कार्बन डायऑक्साइड झटपट ४०वर आणायचा हट्ट नको, पीएच ७.२५च्या वर राहिला तरी पुष्कळ.

मशीनचा अलार्म वाजला आणि सॅच्युरेशन पडलं, तर बटणं दाबत बसू नये. पेशंट मशीनवरून काढून पिशवीवर घ्यायचा. पिशवीवर सुधारला तर दोष मशीनचा. नाही, तर नळी सरकली का, कफाने बंद झाली का (सक्शनची नळी आत जाते का, यावरून लगेच कळतं), एका बाजूचं फुप्फुस फुटून हवा भरली का. शेवटच्यात एक्स-रेची वाट बघायची नसते.

सोडवण्याची सुरुवात सकाळी. रात्री नाही, कारण फसलं तर हात कमी असतात. झोपेचं औषध बंद, पेशंट डोळे उघडून हात दाबतो, ऑक्सिजन ४० टक्क्यांवर पुरतो, प्रेशरचं औषध जवळजवळ बंद. मग अर्धा तास कमीत कमी आधारावर. श्वासाची गती भागिले एका श्वासाची हवा लिटरमध्ये: ३०ने श्वास आणि ३०० मिली असेल तर १००, १०५च्या खाली म्हणजे प्रयत्न करायला हरकत नाही. खोकला किती जोराचा आहे आणि कफ किती वेळा काढावा लागतो, हे आम्ही त्या आकड्याहून जास्त मानतो. दर तासाला सक्शन लागणाऱ्याची नळी काढली तर ती संध्याकाळी परत टाकावी लागते. सीओपीडीच्या पेशंटला नळी काढल्या काढल्या बायपॅप लावायचं, दम लागायची वाट न बघता. पहिले ४८ तास पुन्हा तेच: पोटावर हात आणि एक मिनिट घड्याळ.

घरी जाताना सीओपीडीच्या आजींसोबत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर जाणार असेल तर तब्येत स्थिर असताना साध्या हवेतला ऑक्सिजन ५५ किंवा त्याखाली, म्हणजे सॅच्युरेशन ८८ किंवा कमी आहे का ते बघतो. असेल तर दिवसाचे किमान १५ तास, झोपेतले धरून. मुलगा हमखास विचारतो, "मशीन ५ लिटरचं आहे, मग ५वर ठेवू का?" कॉन्सन्ट्रेटरच्या काट्यावर १ लिटरपाशी चिकटपट्टी लावून देतो आणि सुनेला सांगतो, आकडा ९० दिसला तरी बटण वाढवायचं नाही, आजी दुपारी जास्त झोपायला लागल्या, हाक मारूनही उशिरा उठल्या, तर आकडा न बघता १०८ला फोन करायचा. आणि कॉन्सन्ट्रेटर चुलीच्या किंवा देव्हाऱ्यातल्या निरांजनाच्या खोलीत ठेवायचा नाही.